मान कोणाचा?

(तळोदा तालुक्यातील एका पाड्यावर, प्रौढ वर्गाच्या शेवटच्या दिवशी केलेले भाषण)



होळीला ऊसतोडीहून माणसे घरी परतली, तेव्हा आपला हा वर्ग सुरू झाला. आता दिवाळी तोंडावर आली आहे. काही दिवसांत टोळ्या पुन्हा गुजरातेकडे निघतील. म्हणून आज वर्गाचा समारोप.

तुम्ही सही करायला शिकलात. एसटीची पाटी वाचायला शिकलात. मजुरीचा हिशेब कागदावर मांडायला शिकलात. हे तुमचे शिकणे झाले. आज आम्ही काय शिकलो, ते सांगायचे आहे. कारण या सात महिन्यांत एक धडा आम्हांलाही मिळाला. तो कोणत्याही पुस्तकात नव्हता.

पहिल्या दिवसाची गोष्ट. शाळेच्या ओट्यावर तुम्ही सतरंजीवर बसला होता. आम्ही खुर्चीवर बसलो होतो. हातात हजेरीचा कागद होता. एकेकाला उभे करून आम्ही विचारत होतो, "ए, तुझं नाव काय? वय किती? आजवर शाळेत का नाही गेलास?"

पुढे एक आजोबा बसले होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला फडके गुंडाळलेले. त्यांनाही आम्ही तसेच विचारले. त्यांनी नाव सांगितले. वय सांगितले. तिसऱ्या प्रश्नाला मात्र ते काही बोलले नाहीत, खाली बसले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

आम्ही आपसांत म्हणालो, "म्हातारा कंटाळला असेल. या वयात कुठली आलीय अक्षरांची हौस!"

आठ दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आम्हांला पाहून ते अंगणात आले. "या, बसा," म्हणाले. घरात एकच खाट होती, ती बाहेर काढली. तिच्यावर गोधडी अंथरली. सुनेने पाण्याचा तांब्या आणला. आम्ही खाटेवर बसलो आणि ते जमिनीवर बसले. थोडा वेळ पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग आम्ही विचारले, "तुम्ही वर्गाला का येत नाही?"

ते हळूच म्हणाले, "गुरुजी, मला अक्षर येत नाही. म्हणून तर आलो होतो. पण मी चार लेकरांचा बाप आहे. सात नातवंडांचा आजा आहे. पाड्यात कुणाचं लग्न जमवायचं तर मला विचारतात. आणि माझ्या सुनेसमोर, नातवासमोर तुम्ही मला 'ए' म्हणालात. मी उद्या कोणत्या तोंडानं यायचं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्यांच्या घरी एकच खाट होती, त्यांनी ती आम्हांला दिली. आमच्या वर्गात एकच खुर्ची होती, तिच्यावर आम्हीच बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची आम्ही वर्गखोलीत ठेवून दिली आणि सतरंजीवर बसू लागलो. पुढे काय झाले, ते शेवटी सांगू. आज बोलायचे आहे ते मान या गोष्टीविषयी.

मानपान म्हणजे मान नव्हे

मान हा शब्द आपण रोज वापरतो. पण एकाच शब्दात पुष्कळ गोष्टी कोंबलेल्या असतात. त्या वेगळ्या करून पाहू.

लग्नात मानपान असतो. व्याह्याला टॉवेल-टोपी, विहिणीला लुगडे. कोणाला आधी कुंकू लावले, कोणाला मागून लावले. टोपी मिळाली नाही म्हणून काका रुसतो, मांडवाबाहेर जाऊन बसतो. सभेत पाहुण्यांना हार घालतात, शाल देतात, नारळ देतात. यात वाईट काही नाही. चार माणसे आनंदात असली की हे चालतेच. पण हा हिशेबाचा व्यवहार आहे. तुम्ही आमच्याकडे दिले, आम्ही तुमच्याकडे देतो. आणि ज्याच्याकडे आधीच आहे, त्यालाच तो पुन्हा मिळतो. शाल पुढाऱ्याच्या खांद्यावर पडते. मांडव घालणाऱ्याच्या, पाणी भरणाऱ्याच्या खांद्यावर ती कधी पडलेली पाहिली आहे का?

दुसरी गोष्ट भीती. तीही मानाचे कपडे घालून येते. आपल्याकडे सालदार असतात. आखाजीला साल ठरते, वर्षभराचे काम आणि वर्षभराचे पैसे बोलले जातात. पूर्वीचे सालदार कसे राहत, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. मालक आला की सालदार उठून उभा राही. मालकाचा दहा वर्षांचा मुलगा साठ वर्षांच्या सालदाराला 'अरे' म्हणे आणि सालदार त्या मुलाला 'शेठ' म्हणे. पाहणारा म्हणे, "पाहा, किती मान देतो!" पण तो मान होता का? मालकाची पाठ फिरली की सालदार काय बोले, तेही म्हाताऱ्या माणसांना विचारा.

मान आणि भीती ओळखायची खूण सोपी आहे. भीती माणसासमोर असते, त्याच्या पाठीमागे ती उरत नाही. मान पाठीमागेही राहतो. गावच्या जुन्या सुईणीचे नाव निघाले, तर ती तिथे नसतानाही लोक तिच्याविषयी नीट बोलतात. तिने शंभर बाळंतपणे अडल्यावेळी केली. तिच्याकडे पैसा नाही, सत्ता नाही. तिला कोणी भीत नाही. तरी तिचे नाव सांभाळून घेतात. हा खरा मान.

आपल्या भाषेची एक गंमत पाहा. मान म्हणजे आदर आणि मान म्हणजे शरीराचा तो भाग, ज्यावर डोके टेकलेले असते. भीतीने ती मान खाली जाते. आदर मिळाला की ती सरळ होते. आपण समोरच्याशी कसे वागतो, ते मोजायचे असेल तर त्याच्या मानेकडे पाहावे. आपल्याशी बोलताना ती खाली गेली की वर आली?

'आप' म्हणणारी माणसे

हा विषय आम्ही बाहेरून आणलेला नाही. तो तुमच्याच मातीतला आहे. याच तळोदा तालुक्यात मोरवड गाव आहे. त्याला रंजनपूरही म्हणतात. तिथे गुलाम महाराज होऊन गेले. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या आजा-पणज्याने त्यांना पाहिले असेल.

तो काळ १९३७-३८ चा. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्या काळी हा सारा मुलूख पश्चिम खानदेशात होता. राज्य इंग्रजांचे होते. डोंगरातल्या आणि सपाटीवरच्या भिल्लांची, पावरांची अवस्था वाईट होती. जमीन सावकाराकडे गेलेली, घरात कर्ज, हातात दारू. बाजारात गेले तरी 'ए भिलटा' म्हणून हाक. आपली काही किंमत आहे हेच माणसे विसरली होती. रोज कोणी तुम्हांला हलके म्हटले, की हळूहळू तुम्हांलाही ते खरे वाटू लागते.

अशा वेळी गुलाम महाराजांनी सांगितले : दारू सोडा. स्वच्छ राहा. आरतीला एकत्र या. आणि एकमेकांना 'आप' म्हणा. लहान असो, मोठा असो, 'आप' म्हणा. भेटलात की 'आपकी जय' म्हणा.

हजारो माणसे आरतीला येऊ लागली. लांबलांबच्या पाड्यांवरून पायी येऊ लागली. १९३८ साली गुलाम महाराज वारले. त्यांच्यामागे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी ते काम चालवले. आजही 'आपकी जय' म्हणणारी माणसे या भागात आहेत.

आता नीट विचार करा. गुलाम महाराजांनी काय केले? ते सावकाराच्या दारात जाऊन असे म्हणाले नाहीत, की आम्हांला मान द्या. साहेबाला अर्ज केला नाही. त्यांनी लोकांना सांगितले, की आधी तुम्ही एकमेकांना मान द्या. ज्याला जगाने 'ए' म्हटले, त्याला त्याच्या शेजाऱ्याने 'आप' म्हटले. सकाळी शेतावर जाताना 'आप', बाजारात भेटल्यावर 'आप'. दिवसातून दहा वेळा कानावर पडले, की मनाला वाटू लागते : अरे, मीही कोणीतरी आहे! मग पाठ सरळ होते. मग दारूच्या गुत्त्याकडे पाय वळताना लाज वाटते. शब्द एवढासा, पण त्याचे काम केवढे!

मान वरून खाली पडण्याची वाट पाहत बसलो, तर जन्म निघून जाईल. तो शेजाऱ्यापासून सुरू करता येतो. त्याला पैसा लागत नाही.

कोणी विचारील, "आम्ही तर आईला 'तू' म्हणतो. डोंगरात तर थोरामोठ्यांनाही 'तू' म्हणतात. मग आम्ही मान देत नाही का?" देता की! आईला 'तू' म्हणतो, देवालाही 'तू' म्हणतो. त्या 'तू'मध्ये जवळीक असते. तेच 'तू' आम्ही त्या आजोबांना म्हणालो, तेव्हा त्यात जवळीक नव्हती. आम्ही वर आणि तुम्ही खाली, असे ते 'तू' होते. शब्द तोच, पण कान फसत नाही. माणसाला ते लगेच कळते.

मराठीत 'आपण' हा शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात. पाहुण्याला आपण म्हणतो, "आपण बसा." तिथे आपण म्हणजे तुम्ही. आणि शेजाऱ्याला म्हणतो, "चला, आपण जाऊ." तिथे आपण म्हणजे तुम्ही आणि मी, दोघेही. एकच शब्द मान देतो आणि तोच शब्द जोडून घेतो. आम्हांला वाटते, मानाचा सगळा अर्थ यात आला. मान देणे म्हणजे समोरच्याला आपल्यात मोजणे. तो लहान असो, गरीब असो, अडाणी असो, तो आपल्या हिशेबात आहे, बाहेर नाही.

नुसत्या गोड शब्दाने भागत नाही

पण मंडळी, इथे एक फसगत होऊ शकते. कोणी तुम्हांला 'या दादा, बसा दादा' म्हणेल आणि मजुरी मात्र अर्धीच हातावर ठेवील. तो मान नव्हे. माणसाला आपल्यात मोजायचे, तर त्याचे पोटही मोजले पाहिजे.

हेही या जिल्ह्यानेच दाखवले. शहादा तालुक्यात पाडळदे येथील अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते होते. लोक त्यांना अंबरसिंग महाराज म्हणत. त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी आदिवासी शेतकरी आणि मजूर यांना एकत्र केले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. लोकांनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या. सालदारांनी साल वाढवून मागितले. मजुरांनी रोजाचा दर मागितला.

वरवर पाहता ही पैशाची मागणी होती. पण तिच्या पोटात दुसरी मागणी होती : आमच्याशी बोला. दर तुम्ही एकट्याने ठरवू नका. आम्हांला समोर बसवा आणि मग ठरवा. ज्याने आजवर मालकासमोर उभे राहून नुसते 'हो' म्हटले होते, तो पहिल्यांदा समोर बसून 'नाही' म्हणाला. हाही मानच.

गोष्ट इथे संपत नाही. पुढचा प्रश्न बायकांनी विचारला. शेतात मजुरी मागायला त्याही आल्या होत्या. मोर्च्यात पुढे चालल्या होत्या. घोषणा दिल्या होत्या. घरी परतल्यावर मात्र नवरा दारू पिऊन मारीत होता. तेव्हा त्या म्हणाल्या, मालकाकडे मान मागणारा हा माणूस घरात मालकच होऊन बसला आहे, त्याचे काय?

मग शहाद्याच्या भागात बायका गटागटाने निघाल्या. दारूच्या भट्ट्यांवर गेल्या. मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत उभे करून जाब विचारला. १९७२-७३ च्या सुमाराची ही गोष्ट. त्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षर येत नव्हते. पण मानाचा अर्थ त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळला होता.

यातून काय घ्यायचे? जो वरच्याकडे मान मागतो, त्याने खालच्याला तो दिला पाहिजे. आणि खाली कोणी नाही, असा माणूस सापडत नाही. मालकाच्या खाली मुकादम. मुकादमाच्या खाली टोळीतला कोयता. त्याच्या खाली त्याची बायको. बायकोच्या खाली सून. सुनेच्या खाली लहान पोर. वरून पडलेला अपमान एकेक पायरी खाली उतरत जातो आणि शेवटी त्या पोराच्या पाठीवर पडतो. पोर काय करते? कुत्र्याला दगड मारते. ही उतरंड कोणीतरी मध्येच थांबवली पाहिजे. जो थांबवील तो मोठा.

ऐकणे हाही मान

शहाद्याकडचे एक भिल्ल कवी आहेत, वाहरू सोनवणे. श्रमिक संघटनेच्या चळवळीत ते होते. 'गोधड' नावाचा त्यांचा कवितासंग्रह १९८७ साली निघाला. 'स्टेज' नावाची त्यांची कविता दूरदूर गेली आहे, दुसऱ्या भाषांतही गेली आहे. ज्यांचे दुःख त्यांना खाली बसवायचे आणि वर उभे राहून त्यांच्याच दुःखावर भाषणे करायची, याविषयी ती आहे.

ती वाचली तेव्हा आम्हांला आमची खुर्ची आठवली. आम्ही तुमच्या भल्यासाठी आलो होतो. मनात वाईट काही नव्हते. पण भले करायला आलेला माणूसही अपमान करू शकतो. कारण तो आधीच ठरवून येतो, की मला माहीत आहे आणि यांना माहीत नाही.

खरे काय आहे? आम्हांला अक्षर येते. पण पावसाळ्यात कोणती रानभाजी कधी निघते आणि कोणती खाऊ नये, हे आम्हांला येत नाही. मोहाची फुले कधी वेचायची, हे येत नाही. ढगाचा रंग पाहून नदी उतरावी की थांबावे, हे येत नाही. तुम्हांला येते. मग अडाणी कोण? ज्याला जे येत नाही, त्या बाबतीत तो अडाणी. म्हणजे आपण सगळेच थोडे थोडे अडाणी आहोत.

'अंगठेछाप' हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात. तो वापरू नये. २०११ च्या शिरगणतीत आपल्या जिल्ह्यात शंभरात सुमारे ६४ माणसे साक्षर होती. साऱ्या महाराष्ट्रात हा आकडा सर्वांत कमी होता. ही लाज अंगठा उठवणाऱ्याची नव्हे. ज्यांनी वेळेवर शाळा दिली नाही, ज्यांनी लहानपणी हातात पाटीऐवजी गुरांची काठी दिली, त्या सगळ्या व्यवस्थेची आहे. तुम्ही या वयात पाटी घेतलीत, यात मानच आहे.

रोजच्या पाच गोष्टी

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण उद्या सकाळी काय करू? मोठे काही करायला नको. रोजच्या पाच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, नाव. माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी. 'ए लंगड्या', 'ए काळ्या', 'ए म्हाताऱ्या' म्हणू नये. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान त्यासाठी आले होते. साऱ्या भारतात पहिला क्रमांक आपल्या जिल्ह्यात! ती चांगली गोष्ट झाली. पण क्रमांक सरकारच्या दप्तरात राहतो. दारासमोरून जाताना कोणी 'काय भाऊ, बरं आहे ना?' म्हणाले, तर ती ओळख मनात राहते. कार्डावर नाव आहे आणि गावात मात्र नुसते 'ए' आहे, असे होऊ नये.

दुसरी गोष्ट, जागा आणि पाणी. दारात आलेल्याला बसायला सांगावे, पाणी द्यावे. आपला देश कित्येक शतके इथेच चुकला. पाण्यापाशी आणि बसण्यापाशी माणसामाणसांत भिंत घातली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा हजारो माणसे त्यांच्यासोबत होती. त्यांना तहान लागली म्हणून ती गेली नव्हती. आम्हीही माणसे आहोत, एवढे सांगायला ती गेली होती. आपल्या घरचा पाण्याचा तांब्या कोणापुढे जातो आणि कोणापुढे जात नाही, हे ज्याने त्याने पाहावे.

तिसरी गोष्ट, पाळी. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, एसटीत आपली पाळी धरून उभे राहावे. जो चांगले कपडे घालून आला, तो पुढे आणि जो घोंगडी घेऊन आला, तो मागे, हे चालू देऊ नये. एका दवाखान्यात आम्ही पाहिले. डोंगरातून चार तास चालून आलेली एक बाई आजारी पोर घेऊन रांगेत उभी होती. मोटारीतून आलेले गृहस्थ सरळ आत गेले. कोणीच काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. ते न बोलणे अजून टोचते.

चौथी गोष्ट, ऐकणे. समोरचा बोलत असताना मध्येच तोडू नये. घरात बायको बोलते, सून बोलते, पोर काही विचारते, तेव्हा 'तुला काय कळतं?' हे शब्द ओठावर येतात. ते तिथेच गिळावेत. डोंगरातले मूल शाळेत पहिल्यांदा जाते, तेव्हा त्याला मराठी येत नसते. ते पावरीत, भिलीत बोलते. त्याला हसू नये. ते बोलते ती त्याच्या आईची भाषा आहे. तिला हसणे म्हणजे त्याच्या आईला हसणे.

पाचवी गोष्ट, मोबदला. कामाचे दाम वेळेवर द्यावेत आणि ठरले तेवढे द्यावेत. नंदुरबारला मिरचीचा मोठा बाजार आहे. मिरचीच्या पथारीवर बाया उन्हात बसतात आणि देठ खुडतात. हातांची आग होते, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो. संध्याकाळी मजुरी घेताना त्या बाईला दोन तास ताटकळत ठेवणे, पैसे तिच्याकडे न पाहता टाकणे, हा अपमान आहे. त्याच पैशांना हिशेब सांगून, नीट तिच्या हातात दिले, तर तेवढेच पैसे मानाचे होतात. तुम्हांलाही कधी दुसऱ्याला मजुरीने सांगावे लागते. तेव्हा हे आठवावे.

कायदा काय सांगतो

मान ही मनाची गोष्ट आहे, पण कायदाही तिच्या पाठीशी उभा आहे. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या सुरुवातीलाच स्वातंत्र्य आणि समता यांच्याबरोबर माणसाच्या प्रतिष्ठेचा उल्लेख आहे. सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्यासाठी १९८९ साली कायदा झाला. आदिवासी किंवा दलित माणसाला हिणवण्याच्या हेतूने लोकांदेखत अपमान करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. घरातल्या बाईला मारणेच नव्हे, तर तिला घालूनपाडून बोलणे हाही छळ आहे, असे २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा म्हणतो.

हे माहीत असावे. वेळ आली तर वापरावे. पण कायदा अपमान करणाऱ्याला रोखतो. मान द्यायला तो शिकवू शकत नाही. ते काम घराचे, शाळेचे आणि तुमचे-आमचे आहे.

आजोबा परत आले

आता ती राहिलेली गोष्ट. खुर्ची उचलली, त्यानंतर चार दिवसांनी आजोबा आले. मागे कोपऱ्यात बसले. आम्ही उठून त्यांच्याजवळ गेलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, आमचं चुकलं."

ते हसले. म्हणाले, "चुकणार. तुम्ही अजून लहान आहात."

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. त्या दिवसापासून हा वर्ग खरा सुरू झाला. त्यांना अक्षरे जड गेली. डोळ्यांना कमी दिसते, हात थरथरतो. तुम्ही सगळे वाचू लागलात, तरी ते अजून अडखळतात. पण गेल्या आठवड्यात त्यांनी आपले नाव पूर्ण लिहिले. लिहून झाल्यावर पाटी आमच्याकडे दिली नाही. शेजारी नातू बसला होता, त्याच्याकडे दिली. नातवाने वाचले आणि म्हणाला, "आजा, हे तुझं नाव आहे." 'तुझं' म्हणाला. पण आजोबांची मान ताठ झाली.

मंडळी, आता तुम्ही टोळीबरोबर परगावी जाल. तिथे भाषा वेगळी, माणसे वेगळी. कोणी 'ए' म्हणेल. तेव्हा मान खाली घालू नका आणि तोंडही वाईट करू नका. आपले नाव सांगा. "माझं नाव अमुक आहे, मला नावानं हाक मारा," एवढे शांतपणे म्हणा. आणि आपल्याच टोळीत जो सर्वांत दुबळा असेल, पहिल्यांदाच आलेले पोर असेल, एकटी बाई असेल, त्याला-तिला तुम्ही आधी नावाने हाक मारा. तुमच्या पणज्यांनी मोरवडला हेच केले होते.

होळीला पुन्हा भेटू. सतरंजी मोठी आहे. सगळे तिच्यावरच बसू.

वाचून झाल्यावर आपसांत बोला

१. मान आणि भीती यांतला फरक तुमच्या पाहण्यातल्या एका गोष्टीवरून सांगा.

२. तुमच्या घरात सर्वांत कमी ऐकले जाते ते कोणाचे? का?

३. तुम्हांला कोणी मानाने वागवले, असा एक प्रसंग आठवा. त्या माणसाने नेमके काय केले होते?

४. रोजच्या पाच गोष्टींपैकी तुम्हांला कोणती अवघड वाटते? ती उद्या एकदा करून पाहा आणि परवा वर्गात सांगा.